परबकाकांचा कोळसा

परबकाका पाण्याकडे कधी नुसते पाहत नसत. पेला किंवा बाटली हाती आली की तिच्यामागे आधी काहीतरी पांढरं धरत आणि मग पाहत. रुमाल, लग्नपत्रिकेची कोरी पाठ, मोरीतली फरशी, जे मिळेल ते. खानावळीत बसले तर वाढप्याच्या शर्टासमोर पेला उंच करत, आणि आत काही पडलं असावं अशा समजुतीने तो बिचारा पेला बदलून आणायला धावे. देवळात तीर्थ हातावर पडलं तरी ते ओठांकडे नेण्याआधी त्यांची नजर क्षणभर तिथेच घुटमळे. मग काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारून कोपर मारत. "पियात गप. देवान हय कारखानो नाय घातल्यान."

"सवय आहे, बाई," ते मला ओशाळून सांगत. "पिवळं आहे की नाही एवढंच बघतो. बाकी पाण्याशी आपलं भांडण नाही."

मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. मोठ्याने बोलणं मला कधी साधलं नाही. मागच्या बाकांवरची मुलं माझा विषय बहुधा फळ्यावरूनच शिकली असावीत. निवृत्तीनंतर, बऱ्याच उशिरा, काही लिहून पाहावं असं मनात आलं, तेव्हा समोर प्रथम परबकाका येऊन उभे राहिले. त्यांचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. वडील गिरणीत होते, गाव मालवणजवळचं, घर नाहूरला दोन खोल्यांचं, मूलबाळ नाही. आणि घाटकोपरला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा होता. त्या गाळ्यात त्यांनी बत्तीस वर्षं क्रोम प्लेटिंग केलं. नळाच्या तोट्या, सायकलींची हँडलं, दवाखान्यातल्या खाटांचे दांडे. मळकट लोखंड एका दाराने आत येई आणि आरशासारखं होऊन बाहेर पडे. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा हे सारं संपलं होतं. गाळा बंद होता, परवाना परत केलेला होता.

ओळख झाली ती आमच्या विज्ञान प्रदर्शनात. मुलांनी काचेच्या जाड नळीत खडी, वाळू आणि कोळसा भरून गाळणी मांडली होती. शाई घातलेलं पाणी वरून ओतलं की खालून स्वच्छ पाणी येई आणि दर वेळी टाळ्या पडत. पांढरा बुशशर्ट घातलेले एक वयस्कर गृहस्थ रांगेत शांतपणे उभे होते. पाळी आल्यावर त्यांनी पिशवीतून सरबताची जुनी बाटली काढली आणि म्हणाले, "आता हे घाल बघू."

बाटलीतलं पाणी पिवळं होतं. ते वरून पिवळं आत गेलं आणि खालून पिवळंच बाहेर आलं.

"काका, हे काय आणलंत?"

"विहिरीचं पाणी."

"कसली विहीर? मोसंबी ज्यूसची?"

मुलं हसली. गृहस्थही हसले, पण हसून झाल्यावर जागचे हलले नाहीत. "शाई जाते, मग हे का नाही जात, एवढं सांगा. मग जातो."

मुलांनी मला बोलावून आणलं. मी ती बाटली प्रयोगशाळेत नेली, थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, आम्ल घातलं आणि अभिकर्मकाचे दोन थेंब टाकले. पाणी गर्द जांभळं झालं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जेमतेम ऐकू जाईल असं, म्हणाले, "यात क्रोमियम आहे. विषारी प्रकारचं."

"ते माहीत आहे, बाई," ते म्हणाले. "माझंच आहे."

बसच्या सीटवर राहिलेली छत्री आपली म्हणून दाखवावी तसं त्यांनी हे सांगितलं.

मग हळूहळू उलगडा झाला. वसाहतीच्या मागच्या अंगणात एक विहीर होती. पूर्वी तिथे गुरांचा तबेला होता, त्या काळातली. प्लेटिंग झालेला माल ज्या पाण्यात धुवायचा ते पाणी गाळ्यातल्या मोरीतून बाहेर जाई, आणि मोरी खालून केव्हा फुटली होती हे कुणी पाहिलं नव्हतं. विहिरीचं पाणी वर्षावर्षाने पिवळं होत गेलं. मागच्या चाळीतल्या बायका, नळाला पाणी नसलं की, तेच शेंदून नेत. गाळा बंद करून किल्ली खिशात घालताना काकांनी त्यांतल्या एकीला विहिरीच्या कठड्यापाशी तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना पाहिलं. ते धावत गेले. "अगं, थांब. ह्या पाण्याने नको."

तिने तांब्या न थांबवता विचारलं, "एवढी वर्षं हेच वापरतोय ना, काका. आजच काय झालं?"

हा प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला. पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्यानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य त्या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेलं. जमिनीत जे आपण सोडलं ते आपल्या हयातीत आपणच वर काढायचं, एवढंच त्यांना हवं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाकडे जाहीर केली नाही. दर शनिवारी अकराच्या सुमारास ते बाटल्यांची पिशवी घेऊन माझ्या प्रयोगशाळेच्या दाराशी येत आणि "येऊ ना?" असं विचारून मी हो म्हणेपर्यंत बाहेर थांबत. आठ वर्षांत ते एकदाही न विचारता आत आले नाहीत.

कोळशाची कल्पना त्यांचीच होती. क्रोमआधी निकेलचा थर देतात त्या टाकीत तेल-मळ साचला की प्लेटिंगवाले तिच्यात कोळशाची पूड घालून ती गाळून घेतात; हे त्यांनी शेकडो वेळा केलं होतं. "टाकीतला मळ कोळसा ओढतो, मग विहिरीतला क्रोम का नाही ओढणार?" असा त्यांचा सरळ सवाल होता. मी त्यांना सांगितलं की ओढेल, पण पाणी आधी आंबट करावं लागेल. आंबट पाण्यात क्रोम कोळशाला धरतो, एरवी निसटतो. पुस्तकांत अशा कोळशाला बायोचार म्हणतात, हेही सांगितलं. काकांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि परत केला. "कोळसाच म्हणू या, बाई. तेवढं मोठं नाव द्यायचं तर आधी त्याने काम करून दाखवलं पाहिजे."

वसाहतीच्या तोंडाशी एक मालवणी खानावळ होती. तिथल्या नारळाच्या करवंट्या ते पोत्याने आणत, पत्र्याच्या झाकणबंद डब्यात भरत आणि डब्याभोवती जाळ करत. हवा मिळाली तर राख होते, नाही मिळाली तर कोळसा. झाकणाला ठेवलेल्या बारीक भोकातून निघणारा धूर पिवळट होता की निळा, यावरून ते आतलं ओळखत. आजूबाजूचे गाळेवाले धुराच्या नावाने ओरडत. त्या ओरडण्यावर काकांचं एकच उत्तर असे, आणि तेही प्रश्नरूपच: "वास येतोय का खूप?"

हा प्रश्न खरा होता. त्यांना वास येत नसे. एकदा माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही मास्क नव्हता लावत?" काकांनी टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा उचलला, एका नाकपुडीत सरकवला आणि दुसऱ्या नाकपुडीतून ओढून बाहेर काढला. एक मुलगी किंचाळून मागे सरली. क्रोमच्या टाकीवरची वाफ वर्षानुवर्षं आत गेली की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. "हे आमचं सर्टिफिकेट," काका म्हणाले. "नवा कारागीर कामाला आला की आम्ही त्याचं नाक बघायचो. भोक आहे म्हणजे काम येतं." मुलं हसावं की नाही हे ठरवू शकली नाहीत. काका मात्र दोरा नीट पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

घरी याची सोय काकींनी लावली होती. "बांगडो ताजो हा काय नाय ता मी सांगतंय," त्या मला म्हणाल्या. "ह्येंचा नाक म्हणजे मी." दाराशी कुंडीत अनंत होता. त्याला फूल आलं की काकी सकाळी हाक मारत, "आज वास सुटलो हा हो," आणि काका खुर्चीतून उठून कुंडीपाशी जात, वाकत, डोळे मिटून दीर्घ श्वास घेत आणि म्हणत, "मस्त." हे मी दोनदा पाहिलं आहे. काकी त्यांच्याकडे न पाहता आत निघून जात.

पहिल्यांदा यश आलं तो शनिवार मला चांगला आठवतो. गाळ्यात त्यांनी तीन पिंपं एकाखाली एक मांडली होती. वरच्यात आंबट केलेलं विहिरीचं पाणी, मधल्यात कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. चुन्याची निवळी घालून ते पुन्हा गोडं करून त्यांनी एक बाटली माझ्यासमोर ठेवली. मी आम्ल घातलं, थेंब टाकले आणि थांबले. पाणी जसं होतं तसंच राहिलं. मी पुन्हा नव्याने केलं. पुन्हा तेच. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या प्रयोगशाळेत कुणाच्या खऱ्या उपयोगाचं असं काही प्रथमच घडत होतं.

"काका, नाही आला रंग. गेला क्रोम."

मला वाटलं, ते हसतील. ते नळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "कुठे गेला?"

"कोळशात."

"म्हणजे आहेच."

"हो. पण पाण्यात नाही."

"धातू मरत नाही, बाई. जागा बदलतो. आम्ही जन्मभर तेच तर केलं. इथून काढायचा, तिथे बसवायचा." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "आता ह्याला कुठे बसवायचा?"

हा प्रश्न मला त्या दिवशी दूरचा वाटला. काकांना वाटला नाही. त्यांनी त्याच आठवड्यात वापरलेला कोळसा वाळवून, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून, खताच्या रिकाम्या पोत्यात भरला. पोत्यावर लाल रंगाने आकडा घातला, एक, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: विष.

त्यानंतर पोती वाढत गेली. विहीर मात्र सुधारली नाही. आमच्याकडे रंग मोजण्याचं एक जुनं यंत्र होतं. त्याच्यावर विहिरीच्या पाण्याचा आकडा कधी थोडा उतरे, कधी चढे, आणि दर पावसाळ्यानंतर पहिल्याहून वर जाई. कारण उघड होतं. क्रोम पाण्यात थोडा आणि मातीत पुष्कळ होता. विहिरीतून काका जेवढा उपसत, तेवढा गाळ्याखालची जमीन पुन्हा पुरवत असे. ते बाटल्या पांढऱ्या टाइलसमोर ओळीने मांडत, जुनी डावीकडे, ताजी उजवीकडे, आणि मला विचारत, "जरा उतरलाय ना, बाई?"

मी म्हणत असे, "हो, जरा उतरलाय."

तो उतरलेला नसे. मला नाही म्हणणं आयुष्यात फारसं जमलं नाही, आणि त्या पांढऱ्या शर्टातल्या माणसाला तर मुळीच जमलं नाही. माझ्या त्या तीन शब्दांवर त्यांनी आणखी किती करवंट्या जाळल्या असतील, याचा विचार मी टाळत आले आहे. पोती एक्केचाळीस झाली.

पोती ठेवण्यासाठी सुरक्षित जागा असतात. कारखान्यांचा घातक कचरा तिथे जातो, त्याचे नियम आहेत, गाड्या आहेत. काका त्याची परवानगी देणाऱ्या कचेरीत गेले. परत आले तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात नेहमीसारखे थांबले, आत येऊन बसले. मग त्यांनी तिथला संवाद मला दोन्ही आवाजांत करून दाखवला.

"कारखान्याचा नोंदणी क्रमांक?"

"कारखाना बंद आहे, साहेब. परवाना सरेंडर केला."

"बंद कारखान्याचा कचरा कसा असेल? आला कुठून हा?"

"जमिनीतून काढला."

"मग जमिनीत होता तो जमिनीत राहू द्यायचा ना, काका! कशाला उकरायला गेलात?"

"चूक नाही त्याची," काका म्हणाले. "त्याच्या फॉर्मात रकानाच नाही. चालू कारखाना घाण करतो, त्याला रकाना आहे. बंद करून साफ करणाऱ्याला नाही." नव्याने नोंदणी करायची तर प्लेटिंग पुन्हा सुरू असल्याचं दाखवावं लागलं असतं. काका तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्या माणसाने त्यांना चहा पाजला.

पुढे वसाहत पाडून तिथे उंच इमारत बांधायचं ठरलं. गाळेवाल्यांना नव्या इमारतीत जागा मिळणार होती, त्यामुळे सगळे खुशीत होते. पेढे देणाऱ्याला काका विचारत, "विहिरीचं काय?" विहीर भरून टाकणार होते. आणि पोती? पोती घरी न्यावीत असा विचार त्यांनी बोलून दाखवला तेव्हा मी नाहूरला त्यांच्याकडेच बसले होते.

"ह्येंका सांगा, बाई," काकी माझ्याकडे वळल्या. "ती पोती माज्या घरात येवची नाय. बत्तीस वर्सां ह्येंच्या अंगाचा क्रोम मी धुतलंय. आता पलंगाखाली घेवन झोपू काय?"

"चांगली बांधलेली आहेत गो."

"तुमी पण चांगले बांधलेले होतास. नाक खय गेला?"

काका यावर खरोखर हसले. काकी हसल्या नाहीत. पोती घरी आली नाहीत.

बांधकामाच्या सुपरवायझरने काकांच्या वयाकडे पाहून पूर्वेच्या भिंतीलगत पोती ठेवायला परवानगी दिली, पण एका अटीवर. "काका, हे विष-बिष लिहिलेलं साइटवर चालणार नाही. लेबर पळून जाईल. मोठ्या साहेबांनी बघितलं तर माझी वाट लागेल." तेव्हा काकांनी डबा आणि कुंचला घेऊन एक्केचाळीस पोत्यांवरचा तो शब्द एकेक करून खोडला आणि त्याजागी लिहिलं: नारळाचा कोळसा, वापरलेला. मला हे सांगताना ते नजर चुकवत होते. "खोटं काही लिहिलेलं नाही, बाई. आहे तो कोळसाच." मी म्हटलं, "हो, खोटं नाही." आम्हा दोघांनाही त्या क्षणी तेवढं पुरलं.

दीड वर्ष ती पोती ताडपत्रीखाली राहिली. इमारत वर चढत होती आणि काका दर शनिवारी जाऊन पोती मोजून येत होते. विहीर बुजवलेली होती, त्यामुळे माझ्याकडे आणायला बाटल्या नव्हत्या. मीही निवृत्त झाले होते. फोनवर ते फक्त आकडा सांगत: "एक्केचाळीस आहेत." त्यांनी कुठेकुठे पत्रं धाडली होती, उत्तराची वाट पाहत होते. मग गावी त्यांचे थोरले भाऊ वारले. बारावं-तेरावं करून निघणार तोच काकी उंबऱ्यात पडल्या आणि महिनाभर तिथेच राहावं लागलं.

ते परतले त्या दुपारी माझ्या घराची घंटा वाजली. माझ्या घरी ते त्याआधी कधी आले नव्हते. भावाच्या सुतकात उतरवलेली मिशी अजून पुरती वाढलेली नव्हती, त्यामुळे क्षणभर मी ओळखलं नाही. साइटवरून थेट आले होते. बसा म्हटल्यावर बसले आणि जे घडलं ते त्यांनी क्रमाने सांगितलं.

पूर्वेच्या भिंतीलगत ताडपत्री घडी करून ठेवलेली होती आणि पोती नव्हती. काका सैरावैरा शोधत असताना तिथला इलेक्ट्रिशियन शिंदे त्यांना भेटला. हा शिंदे वसाहतीतलाच. काकांच्या गाळ्यातलं विजेचं कामही वर्षानुवर्षं त्यानेच केलेलं. तो आनंदाने पुढे आला.

"काका, आलात होय! तुमच्या मालाचं सोनं केलं बघा."

"कुठे आहेत पोती?"

"अर्थिंगला घातली ना! सहा खड्डे होते बिल्डिंगचे. कॉन्ट्रॅक्टर कसला भुक्कड कोळसा पाठवत होता, नुसती माती. म्हटलं, इथे काकांचा नारळाचा झकास कोळसा पडून आहे, वाया कशाला घालवायचा? एक थर कोळसा, एक थर मीठ, मधे पट्टी. काय रीडिंग आलंय सांगू! इन्स्पेक्टर बोलला, असं अर्थिंग बघितलं नाही."

इमारतीतली वीज कुठे अंगावर उतरू नये म्हणून ती जमिनीत सोडण्यासाठी तांब्याची किंवा लोखंडाची पट्टी खोल खड्ड्यात पुरतात. तिच्याभोवती ओल टिकावी म्हणून कोळसा आणि मीठ भरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. शिंदेने त्या रीतीप्रमाणेच केलं होतं, मनापासून आणि उत्तम.

"त्याला काय बोललात तुम्ही?" मी विचारलं.

"काय बोलणार? माझ्या अक्षरात लिहिलंय ना पोत्यावर, कोळसा म्हणून." मग म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं म्हणून आलो. मीठ लागलं की सोडतो का तो?"

कोळशात बसलेल्या क्रोमला उठवायला आम्ही प्रयोगशाळेत जी द्रावणं वापरत असू, त्यांतलं एक मिठाचंच होतं. इतक्या वर्षांत त्या माणसाला नको असलेलं खरं उत्तर मी पहिल्यांदा दिलं.

"सोडतो."

"सगळा?"

"सगळा नाही. हळूहळू. पण सोडतो."

"आणि शिंदे म्हणतो, दर उन्हाळ्यात वरून पाणी सोडायचं. ओल पाहिजे."

त्या खड्ड्यांपासून वीस पावलांवर नव्या इमारतीची कूपनलिका होती. बागेला आणि संडासांना तिचंच पाणी जाणार होतं, आणि मागे चाळीतल्या लोकांसाठी बांधलेल्या इमारतीलाही.

"आधी होता तसाच बरा होता," काका म्हणाले. "मातीत सगळीकडे पसरलेला होता. आता मी गोळा करून, निवडून, सहा ठिकाणी भरून दिला."

इमारतीत लोक राहायला येऊन सोसायटी झाली तेव्हा आम्ही तिच्या अध्यक्षांकडे गेलो. मी एक पत्र लिहून नेलं होतं, दीड पानाचं, त्यातला प्रत्येक शब्द तोलून. अध्यक्ष तरुण होते, सभ्य होते. त्यांनी पत्र खरोखर वाचलं. मग विचारलं, "मॅडम, तुम्ही सरकारी आहात का?" मी नाही म्हणाले. ते काकांकडे वळले.

"काका, मी तुमचं ऐकतोय. पण अर्थिंग उकरायचं म्हणजे तेवढे दिवस दोनशे घरांची लाइट बंद. नाहीतर बिनअर्थिंगची लिफ्ट चालवायची. एखाद्या पोराला शॉक बसला, तर? घेता जबाबदारी?"

काकांच्या गाळ्यात फार पूर्वी एका कारागिराला टाकीजवळ शॉक बसला होता आणि तो वाचला नव्हता. हे मला ठाऊक होतं, अध्यक्षांना नव्हतं. काका उठले. "नाही," ते म्हणाले. "ते नाही घेत." बाहेर आल्यावर जिना उतरताना मला म्हणाले, "बरोबर बोलतोय तो." कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी तरी करून घ्या, अशी मी पत्रात विनंती केली होती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर त्यावर चर्चा झाल्याचं काकांनी नंतर सांगितलं. पाणी पिवळं दिसेल तेव्हा बघू, असं ठरलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या मे महिन्यात. नव्या इमारतीत त्यांना तळमजल्यावर एक लहानशी जागा मिळाली होती. कुलूप लावून ठेवलेली. तिची कागदपत्रं करायला काकी आल्या नव्हत्या, त्यांचे गुडघे साथ देत नव्हते. म्हणून सोबतीला मी गेले. काम संपल्यावर काका मला म्हणाले, "या, दाखवतो," आणि पूर्वेच्या भिंतीकडे घेऊन गेले.

भिंतीलगत ओळीने सहा चौकोनी झाकणं होती, हिरव्या रंगाने रंगवलेली, प्रत्येकावर पांढरा आकडा. नळाखाली दोन बालद्या भरत होत्या आणि सोसायटीचा चौकीदार यादव पहिलं झाकण काढून उभा होता. ऊन फार होतं. काका त्याच्याजवळ गेले.

"कितना डालता है, यादव?"

"दो बालटी, काका. हर खड्डे में. शिंदेसाब बोले हैं, गरमी में हफ्ते में एक बार."

काकांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. आत नळीचं तोंड होतं आणि त्याभोवती मिठाची पांढरी कड आली होती.

"डेढ डाल," ते म्हणाले.

"डेढ से क्या होगा?"

"कुछ नहीं होगा. डेढ डाल."

यादवने माझ्याकडे पाहिलं. त्याने एक बालदी पूर्ण ओतली, दुसरी अर्धी ओतून, काकांच्या तोंडाकडे पाहत, हात आवरला. पाणी आत जाताना बारीक आवाज होत होता. मग त्याने झाकण लावलं, बालद्या भरून घेतल्या आणि झपझप पुढे गेला. दुसऱ्या खड्ड्यापाशी काका वेळेवर पोहोचले. तिसऱ्यापाशी पोहोचेपर्यंत दोन्ही बालद्या रिकाम्या झाल्या होत्या. ते तिथे थांबले नाहीत. तापलेल्या भिंतीला हाताने धरत चौथ्या खड्ड्याकडे चालू लागले.